व्हील बेअरिंग बदलल्यावर पुढचं सस्पेन्शन परत बसवताना: कुठला नट हवेत आवळायचा आणि कुठला गाडी टेकल्यावर

पावसाळा संपत आला की आपल्याकडे व्हील बेअरिंगचा सीझन सुरू होतो. ठाण्यात वंदना टॉकीजसमोरच्या पाण्यातून गाडी काढलेली असते, घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात खड्डे खाल्लेले असतात, सीलमधून पाणी आत शिरतं, ग्रीस जातं, गंज धरतो आणि मग एक दिवस ५०-६० च्या वर गेलं की पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागतो. बेअरिंग कसं काढायचं आणि कसं दाबून बसवायचं यावर व्हिडिओ ढिगाने आहेत, पण ते सगळे नेमके तिथेच संपतात जिथे खरं काम सुरू होतं. माणूस म्हणतो, आता उलट्या क्रमाने सगळं परत बसवा, आणि पुढच्या सीनला गाडी पळताना दाखवतो. उलट्या क्रमाने बसवलं की बसतं हो सगळं, बसण्याचा प्रश्नच नाहीये, प्रश्न आवळण्याचा आहे.

पुढच्या चाकाभोवतीचे नट-बोल्ट तीन जातीचे असतात, हे आधी डोक्यात पक्कं करा. पहिला ॲक्सलचा मोठा नट, तो गाडीचं वजन चाकावर येण्याआधी पूर्ण टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या आवळण्याच्या जोराला, गेलाच पाहिजे. दुसरे रबर बुशमधून (सांध्यातल्या रबरी नळीतून) जाणारे बोल्ट, ते बरोबर उलटे, गाडी आपल्या वजनावर बसलेली असतानाच फायनल आवळायचे. आणि तिसरे म्हणजे लोखंडावर लोखंड दाबणारे बाकीचे सगळे, स्ट्रटचे (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा खांब), बॉल जॉइंटचे (खालचा गोळीचा सांधा), ब्रेकच्या कॅलिपरचे, त्यांना गाडी हवेत आहे का जमिनीवर याने फारसा फरक पडत नाही, पण ते नेमक्या जागी बसलेत का याने खूप पडतो. बेअरिंग नवीन टाकूनही चार-सहा महिन्यांत परत आवाज, टायर आतून खाल्लेला, खड्ड्यात टक टक, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या तीन जातींची सरमिसळ हेच असतं.

हे सगळं लिहितोय ते फ्रंट व्हील ड्राइव्ह, मॅकफर्सन स्ट्रट आणि नकलमध्ये (स्ट्रट, आर्म, हब सगळं ज्याला जोडतं तो चाकामागचा तुकडा) प्रेसने दाबून बसवलेलं बेअरिंग असलेल्या गाडीसाठी, म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बहुतेक हॅचबॅक आणि कॉम्पॅक्ट सेडान. ज्या गाड्यांत बेअरिंग आणि हब (चाक ज्याला लागतं तो फिरणारा भाग) एकत्रच येतो आणि नकलला तीन-चार बोल्टने लागतो त्यांचं प्रेसचं काम वाचतं, बाकी बरंचसं सेम. जुन्या जीपसारख्या टेपर रोलर बेअरिंगवाल्या गाड्यांचं मात्र गणित वेगळं आहे, तिथे नट आवळून परत मोजून ढिला करतात, तिथे यातला ॲक्सल नटचा भाग वापरू नका.

खोलायच्या आधी पाच मिनिटं

गाडी अजून जमिनीवर आहे तोवर टेप घ्या आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंचं मोजून लिहून ठेवा. हे माप म्हणजे तुमच्या गाडीची वजनावरची उंची, नंतर बुश आवळायची वेळ आली तर हेच कामाला येतं. मग स्ट्रट जिथे नकलला दोन मोठ्या बोल्टने जोडलाय तिथे वायर ब्रश मारून पांढऱ्या पेंट मार्करने किंवा टोकदार पंचने स्ट्रटच्या पत्र्याची कड नकलवर उमटेल अशी रेघ मारा. बोल्टचं डोकं कुठल्या बाजूला आहे तेही बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम. त्या भोकांत थोडी मोकळीक असते, बोल्ट तोच, भोक तेच, पण नकल आत-बाहेर जरा सरकते आणि तेवढ्यात कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो. डोळ्याला काही कळत नाही, टायरला कळतं.

जागेचं बोलायचं तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सेक्रेटरीची परवानगी हा वेगळा विषय, पण पेव्हर ब्लॉकवर जॅक आणि घोड्या (जॅक स्टँड) नुसत्या ठेवू नका, ब्लॉक एका बाजूला दबतो आणि घोडी कलते. खाली जाड प्लायवुडचा तुकडा टाका. पोडियमवर बऱ्याच ठिकाणी पाणी जायला उतार दिलेला असतो, सपाट जागा शोधा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडसर लावा, हॅण्डब्रेक ओढा. आणि एकच बाजू उचलण्यापेक्षा पुढची दोन्ही चाकं उचलून दोन घोड्यांवर घ्या. कारण सेफ्टी तर आहेच, पण एकच बाजू उचलली की दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि त्याच्या टोकाच्या लिंक रॉडचं भोक काही केल्या जुळत नाही, मग लोक त्याला हातोडीने पटवायला बघतात.

सामानात काय हवं, तर नवीन ॲक्सल नट हवाच. नवीन स्प्लिट पिन हव्यात, त्या पाच-दहा रुपयांच्या असतात आणि नेमक्या त्याच कुणी आणत नाही. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जे बोल्ट एकदाच वापरायचे म्हणून दिलेत ते नवीन. आणि टॉर्क रेंच. ॲक्सल नटला बहुतेक छोट्या गाड्यांत १७५ ते २५० न्यूटन मीटरच्या आसपास आकडा असतो, त्यामुळे रेंच निदान २५० पर्यंत जाणारा बघा. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्यायचा, शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही. कुठे कुठे आकडा केजी मीटरमध्ये असतो, १ केजी मीटर म्हणजे साधारण ९.८ न्यूटन मीटर. गोटी (सॉकेट) बऱ्याच गाड्यांना ३० किंवा ३२ एमएमची लागते, सहा कोपऱ्यांचीच घ्या.

प्रेसवाल्याकडून नकल हातात आल्यावर

वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत तुर्भे, रबाळेच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेस असलेला कुणीतरी मिळतोच, बेअरिंग त्याच्याकडून दाबून आणणं बेस्ट, हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग हे न बसवल्यासारखंच. पण देताना दोन गोष्टी सांगायच्या. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा, आणि नंतर हब बेअरिंगमध्ये दाबताना खालून आधार आतल्या रिंगला द्यायचा. हे उलटं झालं की सगळा जोर मधल्या बॉल्समधून जातो आणि रेसवर, म्हणजे बॉल्स ज्यावर फिरतात त्या पट्टीवर, बारीक खड्डे पडतात, ते दिसत नाहीत पण गाडी चालवली की नव्या बेअरिंगमधून जुनाच आवाज येतो.

हातात आल्यावर तिथेच उभं राहून हब हाताने फिरवा. नवीन बेअरिंग ग्रीस आणि सीलमुळे थोडं जड फिरतं, ते नॉर्मल आहे, पण सगळीकडे एकसारखं जड पाहिजे. कुठे अडकल्यासारखं, खरखर किंवा टक करून पुढे गेल्यासारखं वाटलं तर तिथेच सांगा. प्रेसवाले म्हणतात, साहेब गाडीवर लागलं की मोकळं होईल. जड आहे ते मोकळं होईल, खरखर होणार नाही.

सर्क्लिप, म्हणजे बेअरिंगला जागेवर अडवणारी रिंग, बघा, पूर्ण गोल खोबणीत बसलीय का. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तिची दोन्ही टोकं हलवून बघा, जिथे ती खोबणीच्या वर तरंगतेय तिथे खाली गंज किंवा बेअरिंग अर्धं बसलेलं असतं.

आणि एबीएस. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नवीन गाड्यांना एबीएस कम्पल्सरी आहे, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये मॅग्नेटची रिंग असण्याची शक्यता भरपूर. दिसायला ती दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळी, सपाट, मातकट काळी असते. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे बहुतेक गाड्यांत आतल्या अंगाला, ॲक्सलच्या बाजूला यायला पाहिजे. उलटी दाबली तर सगळं सस्पेन्शन बसवून झाल्यावर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि परत पहिल्यापासून, वर बेअरिंगही गेलं, कारण दाबलेलं बेअरिंग काढताना खराब होतं. शंका असेल तर कागदाची स्टीलची टाचणी जवळ न्या, मॅग्नेटच्या बाजूला ती हलकी ओढली जाते. त्या रिंगला मॅग्नेटवाल्या ट्रेमध्ये, स्पीकरजवळ वगैरे ठेवू नका. काही जुन्या गाड्यांत दात असलेली रिंग ॲक्सलवर असते, तिथे ही भानगड नाही.

साफसफाई, कंटाळा येतो तरी

खाडीच्या हवेत आणि पावसात आपल्या गाड्यांना खालून गंज जास्तच, कोपरखैरणे-ऐरोलीकडच्या गाड्या खालून बघा एकदा. नकलची बॉल जॉइंटची जागा, स्टिअरिंगच्या टाय रॉड एंडचं निमुळतं भोक, स्ट्रट लागतो त्या दोन्ही बाजू, हबचा चेहरा जिथे डिस्क टेकते, हे सगळं वायर ब्रशने घासून कोरड्या कपड्याने पुसा. हबच्या चेहऱ्यावर गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क तिरकी बसते आणि काही दिवसांनी ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, मग डिस्क खराब म्हणून डिस्क बदलली जाते.

निमुळत्या भोकांना आणि त्यात जाणाऱ्या दांड्याला तेल-ग्रीस लावायचं नाही, ते कोरडंच एकमेकांत घट्ट बसतं. आट्यांचंही तसंच, मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर बोल्टला तेल लावून टॉर्क देऊ नका, तेलामुळे घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. आटे साफ, कोरडे, आणि नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. हाताने फिरत नसेल तर पान्याने फिरवायचं नाही, आधी का फिरत नाही ते बघायचं.

आता जोडणी

नकल उचलून आधी ॲक्सलचं टोक हबमधून पार करा. ॲक्सल इतका वेळ तारेने बांधून ठेवलेला असेल असं धरतो, लोंबकळत ठेवला असेल तर आतल्या बाजूचा जॉइंट सुटू शकतो आणि त्यावरचा रबरी बूट फाटतो, बसवायच्या आधी दोन्ही बूट एकदा बोटाने चाचपून घ्या. ॲक्सल हबमधून बाहेर ओढताना बाहेरच्या दिशेला जोरात खेचू नका, नकलच आत सरकवा. दात जुळले की तो हाताने बऱ्यापैकी जातो, मग जुना नट किंवा नवा नट हाताने चार-पाच आटे चढवून ठेवा. बस. अजून आवळायचा नाही. टोकावर हातोडी तर अजिबात नाही.

मग स्ट्रटच्या खोबणीत नकलचा कान घाला आणि वरचा बोल्ट आधीच्याच दिशेने घाला, नट नुसता लावा, त्याने नकलचं वजन धरलं जातं आणि तुमचे दोन्ही हात मोकळे होतात. खालचा बोल्टही घाला, तोही ढिला. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, स्ट्रटच्या वर बॉनेटखाली जो मधोमध नट दिसतो त्याला या कामात हात लावायचा नाही. तो स्प्रिंगला दाबून धरतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता तो सोडणं म्हणजे दवाखान्याची सोय करणं.

आता बॉल जॉइंट, आणि इथे जरा थांबायला हवं. लोअर आर्म (नकलला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) खाली दाबायला लांब पहार किंवा पाइप लागतो, एक जण दाबणार, एक जण नकल जुळवणार. ज्या गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये सरळ वर जातो आणि आडवा एक बोल्ट त्याला चिमट्यासारखा आवळतो, तिथे त्या दांड्याला कमरेवर एक गोल खोबणी असते. आडवा बोल्ट त्या खोबणीतूनच जातो, तोच दांड्याला खाली निसटू देत नाही. दांडा पूर्ण वर गेला नसेल तर बोल्ट त्या खोबणीच्या कडेला अडतो. नेमका इथे माणूस हातोडी उचलतो. ठोकू नका. आर्म परत दाबा, नकल थोडी फिरवा, बॅटरी मारून भोकातून बघा, पलीकडचा उजेड दिसायला लागला की बोल्ट बोटांनी ढकलला तरी पार जातो. ठोकून घातलेला बोल्ट खोबणीची कड कापतो, आटे खातो, आणि कधीतरी गायमुखच्या खड्ड्यात तो दांडा बाहेर आला तर चाक गाडीखाली दुमडतं. चिमट्याची फट मोठी करायला छिन्नी घातली असेल तर ती काढा आणि फट नेहमीएवढी झालीय का बघा, जास्त फाकवलेला कान चिरतो. इथे बोल्ट फायनल टॉर्कला आवळून टाकायला हरकत नाही.

ज्या गाड्यांत बॉल जॉइंटचा दांडा निमुळता आहे तिथे नट आवळताना दांडाच गोल फिरायला लागतो, मग खालून बॉल जॉइंटला जॅकने हलका दाब द्या, निमुळतं भोक घट्ट धरतं आणि नट फिरतो. टाय रॉड एंडलाही हीच युक्ती, फक्त पान्याने वरून दाबायचं. कॅसल नट (खाचा असलेला) असेल तर टॉर्कला आणल्यावर भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत अजून आवळायचा, मागे कधीही फिरवायचा नाही. मग नवीन स्प्लिट पिन, टोकं नीट वळवून. टाय रॉडचा लॉक नट आणि लांबी मात्र हलवू नका, टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, बिघडायला तेवढंच पुरे.

लिंक रॉड लावताना दोन्ही पुढची चाकं हवेत असल्याने बार सैल असतो, हाताने जुळतो. दांडा फिरला तर मधल्या खाचेत ॲलन की धरून नट आवळा.

स्ट्रटचे दोन बोल्ट आता. मघाची रेघ आठवतेय ना, नकल आत-बाहेर करून स्ट्रटची कड त्या रेघेवर आणा, कुणाला तरी तशीच धरायला सांगा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. आवळताना नट फिरवायचा, बोल्ट धरून ठेवायचा. टॉर्कला आल्यावर रेघ परत बघा, आवळताना कधीकधी सरकते. रेघ मारलीच नसेल तर आता काही करता येत नाही, आवळा आणि अलाइनमेंटला कॅम्बरचा आकडा बघा.

ॲक्सल नट: गाडी हवेत असतानाच

या बेअरिंगच्या आतली रिंग दोन तुकड्यांची असते, शेजारी शेजारी. त्या दोघांना एकमेकांवर दाबून धरायचं काम हा नट करतो. नट ढिला असताना गाडी जमिनीवर टेकवली, किंवा पार्किंगमध्ये दोन फूट ढकलली, तरी वजन त्या सैल रिंगांवर आणि बॉल्सवर वेडंवाकडं येतं आणि बेअरिंगला सुरुवातीलाच मार बसतो. बऱ्याच ठिकाणी नट हाताने लावून गाडी खाली घेतात, मग चाकावर वजन आलं की फिरत नाही म्हणून लांब पाइप लावून आवळतात. सोयीचं आहे, पण बेअरिंगच्या जिवावर.

त्यामुळे आधी डिस्क, कॅलिपर लावून घ्या. डिस्कला हाताचं तेल लागलं असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपर होजला पीळ पडला नाही ना बघा, ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्कला आवळा. एबीएस सेन्सरचं भोक साफ करून सेन्सर हाताने सरळ घाला, त्याची वायर आधी होती त्याच क्लिपांतून न्या. मग घरातल्या कुणालातरी गाडीत बसवा आणि ब्रेक पंप करायला सांगा. पहिले काही वेळा पेडल फरशीपर्यंत जाईल, कारण पिस्टन मागे गेलेला असतो, कडक झालं की दाबून धरायला सांगायचं. गाडी घोड्यांवर असताना आत माणूस बसवतोय म्हणजे घोड्या आधी हलवून तपासलेल्या असायला पाहिजेत, हे सांगायला नको.

ब्रेक दाबलेला असताना नवा नट टॉर्क रेंचने आवळा. २०० न्यूटन मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला जवळपास ४० किलोचा जोर, तो झटके न देता, खालून वर किंवा आडवा सलग ओढायचा. घोड्यांवरच्या गाडीला हिसके देऊ नका. इम्पॅक्ट गनने इथे काम उरकू नका, तिचे ठोके नव्या बेअरिंगला चांगले नाहीत आणि नक्की किती टॉर्क गेला ते कुणालाच कळत नाही. काही गाड्यांत आकड्यानंतर अजून काही अंश फिरवायला सांगतात, असेल तर तसंच करा. ब्रेक सोडून हब दोन-चार फेऱ्या फिरवा, परत ब्रेक, परत रेंच, नट अजून फिरतोय का बघा.

मग लॉक. नटची पातळ कड ॲक्सलच्या खाचेत वाकवायची असते, त्यासाठी बोथट, गोल टोकाचा पंच घ्या. कड खाचेत दबत गेली पाहिजे, कापली जाऊन नाही. छिन्नीने मारलेल्या नटची कड बारीक चिरलेली दिसते, ती चिरली की लॉक गेला, नट बदला. जुना नट परत लावायचा मोह इथेच होतो कारण दुसऱ्या जागी कड शिल्लक दिसते. नव्या नटला जेवणाएवढेसुद्धा पैसे लागत नाहीत.

रबर बुश: गाडी वजनावर असताना

नुसतं बेअरिंग करायचं असेल तर लोअर आर्मचे बॉडीकडचे बोल्ट ढिले करायची गरजच नसते. पण आर्म बदलला असेल किंवा मेकॅनिकने जागा करायला ते ढिले केले असतील तर हा भाग तुमच्यासाठी.

बुशच्या आत एक लोखंडी नळी असते आणि रबर तिला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की नळी बॉडीला पक्की होते, त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो फक्त रबर पिळून. गाडी हवेत असताना आर्म खाली लोंबतोय, तिथे बोल्ट आवळला तर रबराची आरामाची जागा तीच ठरते. गाडी खाली आली, आर्म वर गेला, की रबर पिळलेल्या ओल्या टॉवेलसारखं कायमचं पिळलेलं, गाडी उभी असतानासुद्धा. वर खड्डा आला की अजून पीळ. असा बुश वर्ष-दीड वर्षातच चिरा पडून फाटलेला बघितलाय, आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या हॅचबॅकला एकाच बाजूचा बुश दोनदा गेला, पार्ट ओरिजिनल, फक्त दोन्ही वेळा बोल्ट रॅम्पवर लोंबत्या आर्मला आवळलेला.

करायचं असं की हे बोल्ट आधी नुसते टेकवून ठेवा. ॲक्सल नट झाला, चाकं लागली, की टायरखाली जाड लाकडी ठोकळे सरकवून गाडी त्यावर उतरवा, विटा आणि पेव्हर ब्लॉक नकोत, ते अचानक फुटतात. घोड्या काढू नका, किंचित खाली करून तिथेच राहू द्या. बॉनेटची कड हलकी दाबून सोडा, मघाचं चाक-ते-मडगार्डचं माप जवळपास आलं की बाजूने हात घालून बोल्ट टॉर्कला न्या. ओळखीच्या गॅरेजमध्ये पिट असेल तर तिथे उभी गाडी खालून आवळणं त्याहून सोपं. बोल्ट ढिले ठेवून गॅरेजपर्यंत चालवत न्यायची मात्र नाही.

चाक, आणि मग गल्लीत एक फेरी

चाकाचे नट एकाआड एक, टॉर्क रेंचने, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर. त्याआधी चाक हवेत असतानाच वर-खाली धरून आणि मग डावी-उजवी धरून हलवा, जराही टक असेल तर बसवण्यात काहीतरी राहिलंय. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ब्रेक होज आणि एबीएसची वायर कुठे ताणली जातेय का, टायरला घासतेय का, हे आत डोकं घालून बघा. ब्रेक परत एकदा दाबून कडक आहे याची खात्री करा, गाडी त्यानंतरच हलवायची.

पहिली फेरी सोसायटीतल्या स्पीड ब्रेकरवर, काच खाली, रेडिओ बंद. टक टक आली तर लिंक रॉड किंवा स्ट्रटचे बोल्ट आधी बघा. मग घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर थोडे खड्डे, थोडे ब्रेक. मग मोकळा सरळ रस्ता, नवी मुंबईवाल्यांना पाम बीच रोड आहेच, लिमिटमध्ये राहून ५०-६० ला आवाज ऐका. हलक्या वळणावर लक्ष द्या, उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर जातं, त्यामुळे डावं बेअरिंग खराब असेल तर उजव्या वळणाला आवाज वाढतो. घरी येऊन दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्याला हात लावून बघा, एक बाजू दुसरीपेक्षा फारच गरम असेल तर ब्रेक पकडून राहिलाय किंवा बेअरिंगमध्ये काहीतरी आहे.

अलाइनमेंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि ती ऑप्शनल नाहीये. स्ट्रटचे बोल्ट एकदा सुटले की कॅम्बर हलतो, कॅम्बर हलला की टोसुद्धा बदलतो. जाण्यापूर्वी हवा चेक करून जा, आणि आधीचा-नंतरचा प्रिंट मागा. बहुतेक जण फक्त टो करून देतात कारण छोट्या गाड्यांत कॅम्बरला वेगळी ॲडजस्टमेंट नसते, पण डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये मोठा फरक दिसला तर त्यांना सांगा की स्ट्रटचे बोल्ट ढिले करून नकल त्या मोकळिकीत सरकवून बघा. चांगला माणूस असेल तर करतो, कुरकुर करत का होईना. साधारण १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट परत एकदा टॉर्क रेंचने बघा.

एवढं सगळं नीट करूनही घूंऽऽ तसाच राहिला तर लगेच बेअरिंगवर शंका घेऊ नका. जुन्या बेअरिंगवर बरेच दिवस चाललेल्या गाडीचे पुढचे टायर बऱ्याचदा लाटांसारखे झिजलेले असतात आणि ते जवळजवळ तस्साच आवाज करतात. तळहात टायरच्या रुंदीवर आडवा नाही, गोलाईवरून फिरवा, उंच-सखल लागलं तर पुढचे टायर मागे टाका. आवाज मागे गेला तर टायरच आहेत.